डब्यावरची अक्षरं बदलली, आता गाडीत कुठलं ऑइल टाकू?

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, मी म्हापशाला नेहमीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि चार गाड्यांचं ऑइल एकदम उचलतो. चार म्हणजे माझी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, बायकोची नवीन टर्बो, बाबांची जपून ठेवलेली मारुती ८०० आणि मेहुण्याची डिझेल एसयूव्ही, कारण मेहुण्याला स्वतःहून कधी काही आठवत नाही. यंदा माझ्या हॅचबॅकचा डबा हातात घेतला, तर पुढचा फोटो तोच, रंग तोच, मागे मात्र एसएन होतं तिथे एसपी. शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर एसक्यू. विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, "पात्रांव, तेंच तेल, स्टिकर तेवडो बदल्ला."

तेंच तेल नसतं हो. पण घाबरण्यासारखंही काही नसतं, आणि ह्या दोन्हीच्या मधलं जे आहे तेच आज लिहितोय, कारण गेल्या दोन वर्षांत मला निदान दहा जणांनी विचारलंय की माझं नेहमीचं ऑइल मिळत नाही, आता काय टाकू.

घरी येऊन जुना अर्धा उरलेला डबा आणि नवा डबा बाल्कांवात शेजारी ठेवले आणि दोन्ही पालथे करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. चष्मा लागला, तरी पुरलं नाही, शेवटी मोबाईलने फोटो काढून मोठा केला. पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं (पॉवर, शील्ड, अल्ट्रा, अमुक प्लस) त्याला काडीचा अर्थ नाही, ते बिस्किटाच्या पुड्यावर लिहितात तसं आहे. अर्थ मागे असतो. तिथे तीन गोष्टी शोधायच्या. ५डब्ल्यू-३० असा जाडीचा ग्रेड, एपीआय (अमेरिकेतली तेल कंपन्यांची संस्था) नावाच्या गोल शिक्क्यातली दोन अक्षरं, आणि एसीईए (युरोपातल्या गाडी बनवणाऱ्यांची संघटना) किंवा गाडीच्या कंपनीचा एखादा नंबर. माझ्या दोन्ही डब्यांवर ग्रेड तोच होता, एपीआय बदललेलं, आणि जुन्यावर एसीईए ए३/बी४ होतं ते नव्यावर चक्क गायब. कंपनीच्या साइटवरून दोन्हींची डेटा शीट उतरवली तर १०० डिग्रीच्या व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे जाडीचा, आकडा नव्यात किंचित खाली, आणि टीबीएन, म्हणजे ॲसिड मारायची ताकद, तीही थोडी कमी. म्हणजे नाव तेच, पण आतला मसाला वेगळा. आईने फिश करीचं वाटण बदललं तर ताटावरचा रंग तोच दिसतो ना, तसंच आहे हे.

आता मसाला बदलतात कशाला, तर कंपन्यांना हौस आहे म्हणून नाही. ही अक्षरं एकामागून एक येत गेलीत, एसजे १९९६ मध्ये, एसएल २००१ मध्ये, एसएम २००४ मध्ये, एसएन २०१० मध्ये, एसपी मे २०२० मध्ये आणि एसक्यू मार्च २०२५ च्या शेवटी. प्रत्येक वेळी इंजिनात काहीतरी नवीन आलं आणि जुन्या ऑइलला ते झेपेना. उदाहरण द्यायचं तर बायकोच्या गाडीसारखी छोटी टर्बो इंजिनं. कमी आरपीएमला जोर लावला की पेट्रोल-हवेचं मिश्रण स्पार्क पडायच्या आधीच पेटतं, आतून हातोडा मारल्यासारखा आवाज येतो, त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि त्यात पिस्टनच्या रिंगा आणि कधी कधी पिस्टनच फुटतो. शोधल्यावर कळलं की ऑइलमध्ये साफसफाईसाठी घातलेलं कॅल्शियम ह्या प्रकाराला हातभार लावतं. मग कॅल्शियम कमी करून थोडं काम मॅग्नेशियमकडे दिलं. एसपी मध्ये त्याची वेगळी टेस्ट आहे आणि टायमिंग चेन झिजण्याचीही वेगळी टेस्ट आहे, एसएन मध्ये ह्या दोन्ही नव्हत्या (मधे २०१८ ला एसएन प्लस म्हणून एक आलं होतं, त्यात एलएसपीआयचा भाग होता). चोर्ला घाट पाचव्या गियरमध्ये दीड हजार आरपीएमला रेटत चढणारे जे महाभाग आहेत त्यांनी हे वाचून ठेवा. ऑइल एसपी असलं तरी गियर खाली घ्या की, गियर काही विकत आणावे लागत नाहीत.

दुसरं कारण सायलेन्सरमध्ये बसलंय. ऑइलमध्ये झिंक आणि फॉस्फरसचं एक रसायन असतं, झेडडीडीपी, ते धातूवर धातू घासला तर मधे पातळ थर धरतं, फार कामाचं आहे. पण इंजिन थोडं थोडं ऑइल जाळतंच, त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसतो आणि त्याला निकामी करतो. म्हणून पातळ ग्रेडच्या नव्या ऑइलमध्ये फॉस्फरस ६०० ते ८०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत तेवढे भाग) मधे बांधून टाकलाय, एसएलच्या काळात तो १००० पर्यंत चालायचा. तिसरं कारण ॲव्हरेज. ऑइल पातळ असलं की इंजिनला ते ढकलायला कमी जोर लागतो, पेट्रोल थोडं वाचतं, आणि गाडी बनवणाऱ्याला सरकारला आकडे दाखवायचे असतात.

तर करायचं काय. पहिलं काम दुकानात जायच्या आधीचं, मॅन्युअल काढा. ग्लव्ह बॉक्समधलं आमचं मॅन्युअल तीन पावसाळे खाऊन फुगलंय आणि पानं एकमेकांना चिकटलीत, तर मी कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून फोनमध्ये ठेवलीय. शेवटच्या पानांत स्पेसिफिकेशनमध्ये ऑइलचा एक चौकोन असतो, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. चौकोनात ग्रेड दिलेला असेल, एपीआय किंवा आयएलसॅक (अमेरिकी-जपानी गाडी कंपन्यांचं मानक) किंवा एसीईए दिलेलं असेल, फिल्टरसकट किती लिटर लागतं ते असेल. कधी कधी एकापेक्षा जास्त ग्रेड आणि बाजूला तापमानाची पट्टी असते, ती पट्टी आपल्यासारख्यांसाठीच आहे, तिथे जरा थांबून वाचा. हा स्क्रीनशॉट म्हणजे तुमचं प्रिस्क्रिप्शन. मेडिकलवाल्याला आपण "ते निळ्या खोक्यातलं द्या" सांगत नाही, नाव आणि पॉवर दाखवतो, इथेही तसंच.

आता गोव्यातला कायमचा वाद. कुठल्याही चहाच्या टेबलावर एक काका असतातच जे सांगतात, आपल्याकडे गरम हवा, पातळ ऑइल थंड देशांसाठी, इथे २०डब्ल्यू-५० टाक आणि निवांत झोप. काकांचं अर्ध बरोबर आहे म्हणून तर ते ऐकायला पटतं. ग्रेडमधला पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, हा विंटरचा, थंडीचा. ०डब्ल्यू म्हणजे उणे ३५ डिग्रीला इंजिन फिरवता येण्याची टेस्ट पास, ५डब्ल्यू उणे ३०, २०डब्ल्यू उणे १५. आपल्याकडे जानेवारीत पहाटे वीसच्या आसपास गेलं की आपण स्वेटर शोधतो, तेव्हा थंडीत गाडी सुरू होणार की नाही हा प्रश्न गोव्यात नाहीच. इथपर्यंत काका बरोबर. पण पुढे गडबड आहे, कारण दुसरा आकडा हा इंजिन गरम असतानाचा, १०० डिग्रीचा, आणि गरम झालेलं इंजिन म्हापशात असो की म्युनिकमध्ये, थर्मोस्टॅट त्याला जवळपास त्याच तापमानाला धरून ठेवतो. बाहेर ३३ आहे की १३, आतल्या ऑइलला फार फरक पडत नाही. १०० डिग्रीला २० च्या ग्रेडची व्हिस्कॉसिटी ६.९ ते ९.३, आणि ५० च्या ग्रेडची १६.३ ते २१.९. दुप्पटीच्या वर झालं हे. सकाळी गाडी सुरू करतानाची जाडी बघायची तर ४० डिग्रीला ०डब्ल्यू-२० साधारण चाळीस-पंचेचाळीस असतं आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर. इंजिनमधल्या बेअरिंगच्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्हचं टायमिंग पुढे-मागे करणारी व्हीव्हीटी, हे सगळं कंपनीने पातळ ऑइल धरून बनवलेलं असतं. त्यात काकवी ओतली तर ती वर पोचायला वेळ घेणारच.

हे मला पुस्तकातून नाही, पदरचे पैसे घालून कळलंय. बायकोची टर्बो घेतल्यावर फ्री सर्व्हिसा संपल्या आणि मी शहाणपणा करून गाडी ओळखीच्या एका गॅरेजमध्ये दिली, नाव घेत नाही, माणूस चांगला आहे. मॅन्युअल सांगतं ०डब्ल्यू-२०. संध्याकाळी गाडी आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केली तर दोन-तीन सेकंद टकटकटक, शिलाई मशीनसारखं. बायको म्हणाली हे आधी नव्हतं. आठवडाभर मी "तुला वाटतंय" म्हणत काढला, मग ॲव्हरेज दीडने खाली आलेलं दिसलं, पिकअपही सुस्त. डिपस्टिक काढून टिश्यू पेपरवर थेंब पाडला, तर शेजारी पाडलेला नव्या ०डब्ल्यू-२० चा थेंब भराभर पसरला आणि गाडीतला मधासारखा जागच्या जागी बसून राहिला. विचारायला गेलो तर म्हणे, "ड्रममधलंच टाकलं, सगळ्यांना तेच टाकतो, चांगलं जाड आहे." म्हणजे टिपर, टेम्पो, रिक्षा आणि माझ्या बायकोची टर्बो, सगळे एकाच पंक्तीला. परत काढून नवीन टाकलं, फिल्टर परत, पैसे परत, आणि घरातले टोमणे अजून चालू आहेत. इंजिन वाचलं. तेव्हापासून मी डबा स्वतः घेऊन जातो आणि समोर उभा राहून ओतून घेतो, रिकामा डबाही घरी आणतो.

मग काकांचं कधीच ऐकू नये का? ऐकावं, पण मॅन्युअलच्या चौकोनात राहून. माझ्या हॅचबॅकच्या पट्टीत ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० पण दिलंय. गाडी लाखाच्या पुढे गेली, हजार किलोमीटरला थोडं ऑइल प्यायला लागली, आणि महिन्यातून दोनदा माणसं-सामान भरून अनमोड घाट चढते, तर मी एक पायरी जाड घेतलं. एक पायरी. ०डब्ल्यू-१६ च्या गाडीत २०डब्ल्यू-५० म्हणजे पायरी नव्हे, तो जिना आहे.

आता अक्षरांचा मुख्य प्रश्न. एसएन सांगितलेल्या गाडीत एसपी चालतं का? चालतं. पेट्रोलच्या एपीआय अक्षरांचा नियमच असा की नवीन अक्षर जुन्याची जागा घेतं, एसपी ते एसएन, एसएम, एसएल सगळ्यांच्या जागी, एसक्यूही तसंच, फक्त ग्रेड मॅन्युअलमधलाच हवा. उलटं मात्र करू नका, एसपी सांगितलेल्या टर्बोत दुकानात धूळ खात पडलेला एसएलचा डबा दोनशे रुपये वाचतात म्हणून टाकू नका. टॉप-अपचं लोक फार टेन्शन घेतात. एसएन वर एसपीचा अर्धा लिटर ओतला तर आत मारामारी होत नाही, ही ऑइलं एकमेकांत मिसळतील अशीच तपासलेली असतात, ग्रेड तोच ठेवा म्हणजे झालं.

ही सोपी शिडी एसीईएला लागू नाही, आणि लोक नेमके इथे फसतात. सी२, सी३, सी५ वाचून वाटतं पाच नंबर म्हणजे लेटेस्ट, म्हणजे भारी. तसं नाही, ते वेगवेगळे रस्ते आहेत. सी३ ची गरम आणि दाबाखालची जाडी, एचटीएचएस म्हणतात ती, कमीत कमी ३.५ लागते, सी२ ची २.९ पासून पुढे, आणि सी५ मुद्दाम पातळ, २.६ ते २.९ च्या मधे. सी३ सांगितलेल्या इंजिनात सी५ टाकणं म्हणजे अपग्रेड नव्हे, चूक आहे. गाडीच्या कंपन्यांच्या नंबरांचंही तेच, फोक्सवॅगनचा ५०८.०० हा ०डब्ल्यू-२० चा नंबर आहे, ते ऑइल ओळखू यावं म्हणून हिरवं रंगवतात, पण ५०२.०० सांगितलेल्या जुन्या इंजिनात ते चालत नाही. मोठा नंबर बघून भुलू नका, तुमचा नंबर आहे का एवढंच बघा. माझ्या नव्या डब्यावरून ए३/बी४ गेलं होतं त्याचं उत्तरही इथेच. माझं मॅन्युअल फक्त एपीआय मागतं, म्हणून मला तो डबा चालला. तोच डबा ए३/बी४ मागणाऱ्या शेजाऱ्याच्या गाडीला चालला नसता, आणि तो गेली पाच वर्षं "तोच ब्रँड" म्हणून डोळे मिटून तेच घेतोय.

डिझेलवाल्यांनी इथे खुर्ची पुढे ओढा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ बसला, काजळी पकडणारा फिल्टर. काजळी तो तापून जाळून टाकतो, पण ऑइल जळून जी राख होते (कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक सगळं धातूच ना) ती जळत नाही, ती आत साठत जाते आणि शेवटी फिल्टर बदलायची वेळ येते, तो खर्च ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून ह्या गाड्यांना कमी राखेचं ऑइल. सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के, ए३/बी४ मध्ये १.६ पर्यंत चालते. आणि गॅरेजमधला ड्रम? तो बहुतेक वेळा १५डब्ल्यू-४० सीआय-४ (ही डिझेलची एपीआय अक्षरं) असतो, डिचोली-साखळीच्या पट्ट्यात टिपरांमुळे तो प्रत्येक गॅरेजात दिसतो. टिपरला उत्तम ऑइल आहे ते, त्याला नावं ठेवत नाही. पण डीपीएफच्या एसयूव्हीत नको म्हणजे नको.

मेहुण्याची आणखी एक गंमत. पर्वरीला घर, पणजीत ऑफिस, पूल ओलांडला की पोचला, डिझेल एसयूव्ही घेतलीय कारण "लाँगला जायला बरी", आणि लाँगला जातो वर्षातून एकदा, तेही बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे. डीपीएफला काजळी जाळायला थोडा वेळ सलग पळावं लागतं. गाडी ते जाळणं सुरू करते, त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, तोवर हा पार्किंगमध्ये. अर्धवट राहिलेलं डिझेल पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. गेल्या चवथीला आला तेव्हा मी सवयीने डिपस्टिक काढली, तर लेव्हल मॅक्सच्या वर बोटभर! तो खुश, "बघ, एक थेंब पीत नाही गाडी." अरे बाबा, ऑइल वाढत नसतं. वास घेतला तर डिझेलचा. असं पातळ झालेलं ऑइल कितीही महागडं असलं तरी बेअरिंगला काय वाचवणार. किलोमीटर साडेचार हजारच झाले होते, तरी त्याच आठवड्यात बदलायला लावलं. अशा माणसांनी पंधरवड्यातून एकदा हायवेला अर्धा-पाऊण तास एका दमात गाडी पळवावी, मोपापर्यंत जाऊन या, आणि डिपस्टिकची लेव्हल खाली जाण्याइतकीच वर जाण्याकडेही नजर ठेवावी.

बाबांची ८००. इतकी वर्षं २०डब्ल्यू-४० पितेय आणि मजेत आहे, तिला फुल सिंथेटिक पाजायची माझी हौस बाबांनी एका वाक्यात संपवली, "तिला सवय नाही, पोट बिघडेल." पोट बिघडत नाही खरं तर, पण जुने सील कडक झालेले असतात, एकदम पातळ ऑइल टाकलं तर थेंब थेंब गळती सुरू होऊ शकते, आणि तिच्या इंजिनाला त्याची गरजही नाही. तिचा ग्रेड मिळतो तोवर तोच. झिंक कमी झालं म्हणून जुन्या गाडीवाले घाबरतात, ती भीती मुख्यतः ॲम्बेसेडर, पद्मिनी, जुन्या जीप अशा पुशरॉडच्या इंजिनांची, जिथे कॅम थेट टॅपेटवर घासतो. त्यातही फॉस्फरसची ती बांधून टाकलेली मर्यादा पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडना तेवढी सक्ती नाही, आणि ह्या गाड्यांना लागतं तेच. तेव्हा काकांच्या २०डब्ल्यू-५० ला जागा आहे, फक्त ती पद्मिनीत आहे.

सिंथेटिक ह्या शब्दाबद्दल एकच सांगतो. १९९९ ला अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात भांडण झालं की खनिज तेलावरच कडक प्रक्रिया करून बनवलेल्या ग्रुप ३ तेलाला सिंथेटिक म्हणता येतं का, तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून ग्रुप ३ वालेही सिंथेटिक. वाईट नसतं ते, चांगलंच असतं. पण "फुल्ली सिंथेटिक" हे शब्द म्हणजे स्पेसिफिकेशन नव्हे, मागचं अक्षर आणि नंबर जुळत नसेल तर पुढच्या शब्दाचं लोणचं घाला.

खरेदी करताना सील, झाकणाची रिंग, बॅच आणि तारीख बघा, क्यूआर असेल तर तिथेच काउंटरवर स्कॅन करा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे. रस्त्यावर फार स्वस्त मिळतंय म्हटलं की समजायचं. माझ्या गाडीला फिल्टरसकट ३.५ लिटर लागतं आणि तेवढाच डबा मिळतो, हे एक बरं झालंय.

स्वतः बदलणार असाल तर गाडी दहा मिनिटं फिरवून आणा, ऑइल कोमट हवं, उकळतं नको, हात भाजतो. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जायचं नाही, स्टँड लावा किंवा रॅम्प. ड्रेन नट सोडायच्या आधी वरचं झाकण उघडा. नट आमच्याकडे समुद्राच्या हवेने गंजून बसतो, गोल झालेला पाना लावून हिसके देऊ नका, नीट मापाचं सॉकेट घ्या, नाहीतर त्याचे कोपरे जातात आणि मग पुढचा अख्खा दिवस जातो. नटाखालचा वॉशर दर वेळी नवीन, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, ती वाचवून अंगणात थेंबांची रांगोळी कशाला. फिल्टर काढल्यावर जुना रबर इंजिनला चिकटून राहिला नाही ना ते बोट फिरवून बघा, नव्याच्या रबरला नवीन ऑइलचं बोट लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग फिल्टरवर लिहिलंय तेवढाच, साधारण पाऊण फेरा. पाव लिटर कमी ओता, मिनिटभर चालू ठेवा, बंद करून पाच-सात मिनिटं थांबा, मग डिपस्टिक. मॅक्सच्या वर नको. जुनं ऑइल त्याच डब्यात भरून गॅरेजला द्या, जे ते भंगार ऑइलवाल्याला देतात. व्हाळात ओतलेलं मी बघितलंय, तेच पाणी पुढे खाजनात (खाडीकाठच्या शेतात) जातं आणि तिथल्याच तिसऱ्या (शिंपल्या) आपण रविवारी खातो.

किती दिवसांनी बदलायचं? मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं काहीसं लिहिलेलं असतं, आणि लोक फक्त पहिला भाग वाचतात. गोव्यात आपलं फिरणं किती, शाळा, बाजार, देऊळ, चार-पाच किलोमीटर. इंजिन पुरतं तापतच नाही, जळण्यातून तयार होणारं पाणी वाफ होऊन बाहेर जात नाही, ते ऑइलमध्ये राहतं, त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, तेही पाण्याचं मित्र. पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा, दुधाच्या चहावरच्या सायीसारखं पांढरट-पिवळं दिसेल. थोडंसं असेल आणि एक लांब चक्कर मारल्यावर गेलं तर ठीक. पण डिपस्टिकवरच चहा दिसला, किंवा गाडी पुराच्या पाण्यातून काढली असेल, तर सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. मे मध्ये आणून ठेवलेलं ऑइल आम्ही पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास घालतो, किलोमीटर किती का होईनात.

उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये टाकू नका, हे सांगायचं राहत होतं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, गाडीच्या पातळ ऑइलमध्ये घसरण वाढवायचं जे रसायन असतं त्याने क्लच घसरतो, तिला जॅसो (जपानी मानक) एमए लिहिलेलं लागतं. स्कूटरचा क्लच कोरडा म्हणून तिला एमबी चालतं, पण ग्रेड तिच्या पुस्तकातला.

तर यंदा मी काय घेतलं. माझ्या हॅचबॅकला ५डब्ल्यू-४० एसपी, टर्बोला ०डब्ल्यू-२० एसपी (एसक्यूचा डबाही चालला असता, पण त्या दुकानात तो ह्या ग्रेडमध्ये नव्हता), मेहुण्याला सी३, कारण त्याच्या मॅन्युअलमध्ये तेच लिहिलंय, आणि ८०० ला तिचं तेच. चारही बोनेटच्या आत पांढरी मास्किंग टेप चिकटवून त्यावर तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि अक्षरं मार्करने लिहिलीत. बाबांनी ८०० च्या टेपवर माझ्या अक्षराखाली पेनने आणखी एक ओळ घातलीय, "दुसरे काही घालू नये."